पानापानांचं जाकीट

कॉर्बिनने हॉलमधले दिवे मालवले आणि हातातला जांभळा दिवा पहिल्या जाकिटावर धरला. काहीच दिसलं नाही. दुसऱ्यावर धरला, तिथेही काळोखच. दोरीवर पंधरा-सोळा जाकिटं ओळीने टांगली होती, सगळी पानापानांच्या नक्षीची, कुणाचं हिरवट, कुणाचं मातकट. दिवा त्यांच्यावरून सरकत गेला तरी दोरीवर काही आहे असं वाटेना.

"छान," कॉर्बिन म्हणाला. "म्हणजे हरणांना तुम्ही दिसत नाही. पुढचं."

दिवा सातव्या जाकिटावर आला आणि ते जाकीट पेटलं.

पेटलं म्हणजे बाह्या, खिसे, कॉलर, सगळंच्या सगळं निळसर पांढरं होऊन अंधारात झळकायला लागलं. एकही पान दिसेना. बिनडोक्याचं, बिनपायाचं एक माणूस दोरीवर लटकतंय असं वाटलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "हे कुणाचं रे?"

मर्डो गेडिसला ते कुणाचं हे केव्हाच कळलं होतं. डाव्या खिशावर नोलीनने, त्याच्या बायकोने, लावलेलं ठिगळ होतं. तेही मेलं इमानदारीने चमकत होतं.

"माझं," तो म्हणाला.

हॉल असा काही हसला की पत्र्यावरच्या कबुतरांनीही दखल घेतली.

मार्च संपत आला होता. आठवड्याभरात डुरकीचा हंगाम सुरू होणार होता. रानातले नर माद्यांसाठी डुरकायला लागतात, आणि साउथलँडच्या ह्या गावातले पुरुष गळ्यात नळी अडकवून त्यांच्यासारखंच डुरकत रानात शिरतात. आपल्या मुलखात दुसरा कुणीतरी आलाय असं वाटून खरा नर भांडायला येतो आणि गोळी खातो. वर्षाचे तीन आठवडे गावात दुसरा विषय नसतो. त्याआधीच्या बुधवारी शिकारी क्लबाची सभा, सभेला चीज रोल, आणि कुणातरी जाणत्याचं भाषण. यंदाचा जाणता म्हणजे शिकारीच्या दुकानातला हा कॉर्बिन, वय वर्षं सत्तावीस.

"हसू नका," तो म्हणाला, पण तोही हसत होता. "घरात पांढरे कपडे शुभ्र व्हावेत म्हणून जी पावडर वापरतात ना, तिचं हे काम आहे. आपल्या डोळ्यांना नुसतं स्वच्छ दिसतं. हरणाच्या डोळ्यांना हे असं. मर्डो, तुम्ही रानात जात नव्हता, दीपस्तंभ जात होता."

"तरीच," शेजारी बसलेला टिपेने म्हणाला. "सहा वर्षं ह्याला एक जनावर मिळालं नाही. तिकडे हरणं गॉगल लावून बसली असतील."

टिपेने हा मर्डोचा चाळीस वर्षांचा सोबती. टिपेने कुंपणं घालायचा, मर्डो लाकडाच्या गिरणीत होता. आता दोघंही घरी बसले होते आणि हंगामाची वाट बघण्याचं काम पूर्णवेळ करत होते. मर्डो हसला. हसण्यावाचून इलाज नव्हता. पण मनात एक गोष्ट खटकली होती, ती हसण्याने जाईना. कारण शिकारीचे कपडे त्या पावडरीत धुवायचे नसतात हे कॉर्बिनचा जन्म व्हायच्या आधीपासून त्याला माहीत होतं. बिनवासाच्या, बिनचमकीच्या साबणाचा डबा तो दरवर्षी फेब्रुवारीत स्वतः आणायचा आणि धुण्याच्या मशीनवरच्या फळीवर ठेवायचा. गेल्या महिन्यातही आणला होता.

"टिपेनेची टोपी धर की दिव्याखाली," कुणीतरी ओरडलं. "तिच्यावर तर विमानं उतरतील."

टिपेनेची टोपी लोकरीची, भडक नारिंगी. त्याच्या नातीने, कीरीने विणलेली. वीण एका बाजूला सैल होती आणि वर गोंडा होता. गेली सहा वर्षं रानात ती त्याच्या डोक्यावर असायची. कपडे पानापानांचे आणि वर हा गोंडा, असा त्याचा थाट. कॉर्बिनने दिवा धरला. टोपी काळोखात नाहीशी झाली.

"नारिंगी रंग हरणांना कळतच नाही," कॉर्बिन म्हणाला. "ही टोपी फक्त माणसांना दिसते."

"माणसांना दिसून काय करायचंय?" मर्डो म्हणाला. "ह्याचं थोबाड मुद्दाम बघायला कोण जातंय?"

पुन्हा सगळे हसले. टिपेने एरवी असा टोला उधार ठेवणारा नव्हता. आज त्याने नुसती टोपी कानांवर ओढून घेतली.

दिवे लागले. चीज रोल फिरले. आणि मर्डोची टर उडवून झाली तेव्हा, जणू भरपाई म्हणून, कुणीतरी म्हणालं, "ते जाऊ दे. शेवटचं जनावर कसं मारलंस ते सांग."

ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. ती दरवर्षी सांगितली जायची आणि दरवर्षी दोघांनी मिळून. मर्डोने रोल खाली ठेवला.

"त्या वर्षी धुकं होतं," तो म्हणाला. "सकाळचे सात. मी स्पेन्सरच्या घळीच्या तोंडाशी, आणि हा वर कड्यावर. निदान मला तरी वाटत होतं हा वर आहे. घळीतून डुरकणी आली. मी नळीतून उत्तर दिलं. पुन्हा डुरकला, आणखी जवळून. मी पुन्हा उत्तर दिलं. असं अर्धा तास. मग पानांतून तपकिरी काहीतरी दिसलं, हाताएवढं. तो डुरकला, आणि मी चाप ओढला."

इथे तो थांबायचा, कारण इथून पुढची गोष्ट टिपेनेची होती.

"आणि मी मूर्ख," टिपेने म्हणाला, "ह्याचीच डुरकणी ऐकून कड्यावरून खाली आलो. म्हटलं, मोठा नर आहे, आवाज जरा घोगरा आहे, म्हातारा असेल. अर्धा तास ह्या म्हाताऱ्याच्या मागावर. आणि मधेच काय, झाडांतून समोर येऊन उभा राहिला बारा टोकांच्या शिंगांचा राजा. एकदम मुका. चोरासारखा आलेला. तोंड उघडलं नव्हतं त्याने. मी बंदूक उचलणार, तर धाड. माझं जनावर माझ्या नाकासमोर आडवं."

"आणि घरी?" सगळे एका सुरात म्हणाले.

"घरी नोलीनने कलेजी करपवली," मर्डो म्हणाला. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

टाळ्या पडल्या. जाकीट काखोटीला मारून मर्डो बाहेर पडला, तेव्हा अंगणात टिपेने पिकअपला टेकून उभा होता.

"यंदा नीट साबणात धुतो," मर्डो म्हणाला. "मग बघ. सहा वर्षांचं उट्टं काढतो की नाही."

"राहू दे रे," टिपेने म्हणाला. "तुला शोभतं ते तसंच."

तो थट्टा करतोय असंच मर्डोला वाटलं.

*

घरात क्विन्सचा मुरंबा शिजत असल्याचा वास भरला होता. नोलीन मोठ्या पातेल्यापाशी लाकडी डाव घेऊन उभी होती. फळं तासाभरापूर्वी पिवळी होती, आता लालसर व्हायला लागली होती. मर्डोने बूट दाराशी काढले आणि तिच्याशी न बोलता तो मागच्या धुण्याच्या खोलीत गेला.

डबा फळीवरच होता. झाकणाची चिकटपट्टी जशीच्या तशी. त्याने फळीच्या आतल्या बाजूला हात घातला. मागे आणखी डबे होते. एकेक करून त्याने ते मशीनवर मांडले. पाच. सगळ्यांच्या चिकटपट्ट्या जागच्या जागी. सर्वांत जुन्यावर चांगली धूळ होती.

तो डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात आला आणि टेबलावर ठेवला. त्याच्या शेजारी जाकीट.

"कॉर्बिनने दिवा धरला," तो म्हणाला.

नोलीनने आच कमी केली. डाव बशीत ठेवला. काय झालं ते तिला विचारायची गरज पडली नाही, हे मर्डोला सगळ्यांत जास्त लागलं.

"चमकलं का?" तिने विचारलं.

"चमकलं का म्हणजे? आख्खा हॉल उजळला. तुला माहीत होतं?"

"मीच धुते ना."

"दरवर्षी?"

"दरवर्षी दोनदा. हंगामाआधी एकदा आणि तू आल्यावर एकदा. तुझ्या बनियनबरोबर."

मर्डो खुर्चीत बसला. बायको विसरते, पावडर बदलते, डबे एकमेकांत मिसळतात, अशी काहीतरी सबब तो वाटभर तिच्यासाठी तयार करत आला होता. ती तिने घेतलीच नाही.

"सहा वर्षं मी भिजलो, गारठलो, गुडघे मोडून घेतले," तो म्हणाला. "लोक माझ्यावर हसतात, नोलीन. आणि तू इथे बसून..."

"तू रिकाम्या हाताने आलास ना, की मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं," ती म्हणाली. "वाटलं होतं, दोन-तीन हंगाम कोरडे गेले की कंटाळशील. बंदूक विकशील, मासे धरायला लागशील. पण तू कसला कंटाळतोस."

"का पण?"

तिने समोरची खुर्ची ओढली. हात पदराला पुसावेत तसे अंगातल्या ॲप्रनला पुसले, पुन्हा पुसले.

"आज ती गोष्ट सांगितली असशील," ती म्हणाली.

"कोणती?"

"स्पेन्सरच्या घळीची. मला सांग परत."

"तुला पाठ आहे."

"तरी सांग. चाप ओढलास तिथलं."

मर्डोने वैतागून सुस्कारा सोडला. "पानांतून तपकिरी काहीतरी दिसलं. हाताएवढं. तो डुरकला, आणि मी चाप ओढला."

"तो कोण?"

"नर. दुसरं कोण?"

"आणि टिपेने काय म्हणतो? जनावर कसं आलं?"

"मुकं आलं. चोरासारखं. तोंड उघ..."

त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

"तोंड उघडलं नव्हतं," नोलीन म्हणाली. "मग तू डुरकणी कुणाची ऐकलीस, मर्डो?"

पातेल्यात एक बुडबुडा फुटला. मर्डोने टेबलाची कड धरली. ही गोष्ट त्याने शंभर वेळा सांगितली असेल. दोन्ही अर्धे त्याने शंभर वेळा ऐकले होते, त्याच टेबलावर, त्याच हॉलमध्ये, एकामागून एक. टिपेने त्याच्या आवाजाला फसला ह्यावर सगळा गाव हसला होता. मर्डो कुणाच्या आवाजाला उत्तर देत होता हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्याच्याही नाही.

"जनावर तिथे होतं," तो शेवटी म्हणाला. "मी जनावरच मारलं, नोलीन. बारा टोकांचं. भिंतीवर आहे."

"हो. नशीब तुझं, ते मधे आलं."

"मी तपकिरी पाहिलं."

"टिपेनेचा त्या दिवशीचा शर्ट कोणत्या रंगाचा होता?"

लोकरीचा जाड तपकिरी शर्ट, कोपरांना चामडं लावलेला. तो टिपेनेने पुन्हा कधी घातलेला त्याला आठवेना.

"त्या रात्री तुम्ही दोघं इथेच बसला होता," ती म्हणाली. "तू तुझं सांगितलंस, त्याने त्याचं सांगितलं, आणि दोघं हसत सुटलात. मी तिथे तव्यापाशी. मला वाटलं, आत्ता कळेल ह्यांना, आत्ता गप्प होतील. तुम्ही आणखी बिअर मागितलीत. आणि मग कलेजी करपली म्हणून मलाच हसलात."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"ती गोष्ट सांगताना तुझा चेहरा कसा होतो ते तुला माहीत नाही. आणि बोलले असते तर टिपेने तुटला असता. निदान तेव्हा असं वाटलं." तिने डबा थोडा बाजूला सरकवला. "पावडरीनं काय होणार होतं म्हणा. दुसरं काही सुचलं नाही मला. पण उद्या ती परवान्याची बाई येणार आहे, मर्डो."

मर्डो ते विसरलाच होता. बंदुकीच्या परवान्याची मुदत दहा वर्षांनी संपते. मग कचेरीतून कुणीतरी घरी येतं, परवानेवाल्याशी बोलतं, आणि त्यानंतर त्याला बाहेर पाठवून त्याच्या बायकोशी एकटीशी बोलतं. ह्या माणसाच्या हातात बंदूक असावी असं तुम्हाला वाटतं का, एवढंच विचारायचं असतं. मागच्या खेपेला नोलीनने दोन मिनिटांत हो म्हटलं होतं आणि उरलेला अर्धा तास स्कोन-पावांची कृती सांगितली होती. पण ती खेप स्पेन्सरच्या घळीच्या चार वर्षं आधीची होती.

"काय सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

"ठरलेलं नाही. सहा वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारतील. खोटं बोलणार नाही, एवढं ठरलंय."

ती उठली आणि पातेल्याकडे वळली. क्विन्स खाली लागायला लागले होते.

*

परवान्याची बाई दहाच्या ठोक्याला आली. नाव रोवेना, पन्नाशीची, गळ्यात चष्मा. तिने बंदुकीचं कपाट पाहिलं, कुलूप ओढून पाहिलं, गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का पाहिलं. सगळं चोख होतं. मर्डोचं सगळं नेहमी चोखच असायचं. मग ती टेबलापाशी बसली आणि तिने नियम विचारले.

"लक्ष्य कधी ठरतं?"

"संपूर्ण जनावर दिसल्यावर," मर्डो म्हणाला. हे त्याने किती पोरांना शिकवलं होतं. "डोकं, मान, खांदा. आवाजावरून नाही. रंगावरून नाही. हालचालीवरून नाही. ते जनावरच आहे ह्याची खात्री पटेपर्यंत ते माणूस आहे असं धरून चालायचं."

"अगदी पुस्तकातल्यासारखं," रोवेना हसून म्हणाली आणि खूण केली. "आता तुम्ही जरा बाहेर जाता? मला नोलीनबाईंशी बोलायचंय."

नोलीनने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती स्कोनवर लोणी लावत होती. मर्डो बूट चढवून मागच्या अंगणात आला. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आत्ता भीती वाटत होती ती परवान्याची आहे की कशाची, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. परवाना गेला तर हंगाम गेला, रान गेलं, आणि टिपेनेबरोबर बसून बोलायचं तरी कशावर. आणि राहिला तर?

लाकडाच्या शेडपाशी टिपेनेची पिकअप येऊन थांबली. टिपेने उतरला. डोक्यावर टोपी होतीच.

"आली का बाई?" त्याने विचारलं. "मला शनिवारी आहे. काय काय विचारते ते सांग, म्हणजे घोकून ठेवतो."

"टिपेने," मर्डो म्हणाला. "ते जनावर डुरकलं होतं का रे?"

"कोणतं?"

"बारा टोकांचं."

टिपेनेने पिकअपचं दार लावलं. ते नीट लागलं नव्हतं म्हणून पुन्हा उघडून लावलं. मग तो लाकडाच्या ढिगावर बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून खाली गवताकडे बघत राहिला.

"काल जाकीट पेटलं तेव्हाच वाटलं, नोलीनला कळलं असणार," तो म्हणाला.

मर्डो उभाच राहिला. पुढे काही विचारण्याची गरज नव्हती, आणि तरी विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"जनावर खाली पडलं तेव्हा नळी माझ्या तोंडातच होती," टिपेने म्हणाला. "डुरकणी अर्धी बाहेर, अर्धी आत. जनावर माझ्यापासून चार पावलांवर असेल. ते पडलं आणि पलीकडे तू दिसलास. सरळ रेघेत."

"मग बोलला का नाहीस? लेका, सहा वर्षं?"

"बोलणारच होतो. तू धावत आलास, मला मिठी मारलीस. रडत होतास. म्हणालास, आयुष्यात असं जनावर मिळालं नाही. आता त्या वेळी मी काय सांगू? म्हटलं, खाली उतरल्यावर सांगू. खाली उतरलो तर तुझ्या घरी कलेजी. मग तू गोष्ट सांगायला लागलास. माझी पाळी आली, माझ्या तोंडून भलतीच विनोदी निघाली. लोक हसले. एकदा हसले की मग बदलायची कशी?"

"तू माझ्याबरोबर पुन्हा रानात आलास. दरवर्षी."

"दुसऱ्या कुणाबरोबर जाऊ? ह्या वयात नवा सोबती शोधायचा म्हणजे त्याचं घोरणं पहिल्यापासून सोसायचं." तो हसला नाही. डोक्यावरची टोपी काढून त्याने ती उलटसुलट केली. "त्याच आठवड्यात कीरीला म्हटलं, बाळा, आजोबाला टोपी विण. ती म्हणाली, कोणत्या रंगाची. मी दुकानात जाऊन लोकर आणली. दुकानातला सगळ्यांत घाणेरडा रंग."

मर्डोला त्या टोपीवर केलेले आपले विनोद एकेक आठवायला लागले. गाजर. ट्रॅफिकचा खांब. कालचा तर अजून ताजाच होता. तो शेडच्या खांबाला धरून उभा राहिला. मेलं असतं ते माणूस समोर बसून टोपीचा गोंडा चाचपत होतं. रानात लपण्यात मर्डोने सगळं आयुष्य घालवलं होतं. आणि त्याला ओळखणारी दोन माणसं सहा वर्षं त्याच्यावर डोळा ठेवून होती, एक घरातून आणि एक रानातून, आणि दोघांनी एकमेकांना ताकास तूर लागू दिली नव्हती.

"गड्या," तो म्हणाला.

"हं," टिपेने म्हणाला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. नोलीन पायरीवर आली. "मर्डो," तिने हाक मारली. "तुला आत बोलावलंय."

तो आत गेला. रोवेनाच्या पुढे फॉर्म होता. तिच्या बशीतला स्कोन अर्धाच खाल्लेला होता आणि चष्मा आता डोळ्यांवर होता.

"बसा," ती म्हणाली. "जरा वेगळंच झालंय. मी नोलीनबाईंना माझा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलेलं नाही. त्या म्हणतात, आधी तुम्ही मला एक गोष्ट सांगणार आहात, आणि ती ऐकून मग मी त्यांना पुन्हा विचारावं."

मर्डोने नोलीनकडे पाहिलं. ती बरण्यांची झाकणं पुसत होती. म्हणजे अजून सगळं त्याच्याच हातात ठेवलं होतं तिने. तो म्हणू शकला असता की तसं काही नाही, बायको म्हातारी झाली, काहीतरी बोलते. रोवेनाने मान डोलावली असती. संध्याकाळपर्यंत तो बंदुकीला तेल देत बसला असता.

त्याने टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"त्या वर्षी धुकं होतं," तो म्हणाला.

पहिलं वाक्य तेच होतं, कारण दुसरं त्याला येत नव्हतं. सकाळचे सात. घळीचं तोंड. डुरकणी, उत्तर, पुन्हा डुरकणी. ज्या ज्या जागी लोक हसायचे त्या जागा येत गेल्या आणि तशाच निघून गेल्या. रोवेना लिहीत होती. इतक्या हळू ही गोष्ट त्याने कधी सांगितली नव्हती.

"पानांतून तपकिरी काहीतरी दिसलं," तो म्हणाला. "हाताएवढं. डोकं दिसलं नाही, मान दिसली नाही, खांदा दिसला नाही. आवाज आला आणि मी आवाजावर गोळी झाडली."

आणि सवयीने तो इथे थांबला.

टिपेने मागच्या दारात उभा होता. बूट त्याने बाहेर काढून ठेवले होते आणि एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"जनावर मुकं होतं," टिपेने म्हणाला. "त्यानं तोंड उघडलं नव्हतं."

रोवेनाचं पेन थांबलं. तिने चष्म्यावरून एकदा मर्डोकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"मग डुरकत कोण होतं?" तिने विचारलं.

टिपेनेने वर्गात वर करतात तसा हात वर केला. नारिंगी टोपी त्याच हातात होती.